पाण्याखालचा पंख

फैजपूरहून समुद्र तीनशे किलोमीटरहून लांब आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी केळीच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाचा समुद्राशी संबंध एवढाच, की आपली तापी सुरतेच्या पुढे त्याला जाऊन मिळते. वाऱ्याची ओळख मात्र आपल्याला कोणी करून द्यायला नको. मे-जूनमध्ये रावेर-यावलकडे वादळ आलं की निसवलेली केळीची बाग बघता बघता आडवी होते. तिकडे धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर वाऱ्यावरच पवनचक्क्या फिरतात आणि वीज तयार होते. वाऱ्याचा आणखी एक उपयोग जगभरच्या किनाऱ्यांवर गेल्या वीसेक वर्षांत रुळला आहे. वर आकाशात माणसाला ओढणारा काइट, म्हणजे मोठा पतंग, पायाखाली फळी आणि फळीच्या खाली पाण्यात बुडालेला पंख. वेग आला की फळी पाणी सोडून वर उठते आणि माणूस पाण्यापासून हात-दीड हात उंचीवरून, जवळजवळ आवाज न करता जातो. याला हायड्रोफॉइल काइटबोर्डिंग म्हणतात. खेळणारे नुसतं ‘फॉइलिंग’ म्हणतात.

इथून पुण्याला, बंगळुरूला नोकरीसाठी गेलेली तरुण मुलं या खेळाची चौकशी करतात तेव्हा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, की कोणता फॉइल घेऊ? तो पहिला प्रश्न नव्हे. पाण्याखालचा तो पंख नेमकं काय करतो हे कळलं, की शिकायचं कसं आणि घ्यायचं काय या दोन्ही गोष्टींची उत्तरं त्यातूनच निघतात.

पवनचक्कीचं पातं, विमानाचा पंख आणि फॉइल यांच्यामागचं शास्त्र एकच आहे. वाहत्या हवेत किंवा पाण्यात थोडा तिरपा धरलेला बाकदार पंख प्रवाहाला एका बाजूला वळवतो आणि त्याच्या उलट बाजूला स्वतः ढकलला जातो. फरक माध्यमाचा आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन असतं, म्हणून विमानाला जिथे लांबलचक पंख लागतात तिथे पाण्यात हातभर रुंदीचा पंख माणसाला उचलतो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते. साधा हिशेब करून पाहा. स्वार ८० किलोचा, सामान १० किलोचं. काइटची वरची ओढ थोडा भार घेते, ती तूर्त सोडून देऊ. फॉइलचा पुढचा, मोठा पंख १००० चौरस सेंटिमीटरचा असेल, तर ताशी १८ किलोमीटर वेगाला तो हे ९० किलो सावकाश पेलतो. पंख ६०० चौरस सेंटिमीटरचा घेतला, तर तेवढ्याच कोनात तेच वजन पेलायला ताशी २३ किलोमीटर वेग लागतो. आकडे जवळ-जवळ वाटतात, पण नवशिक्यासाठी त्यांच्यात फार अंतर आहे. ताशी १८ वर पडणं म्हणजे पाण्यात बसणं, २३ वर पडणं म्हणजे आपटणं. शिवाय लहान पंखावर तो वेग येईपर्यंत फळी घसटत ठेवायची, म्हणजे काइटमध्ये जास्त जोर भरायचा, आणि नवशिक्याला न पेलणारी नेमकी तीच गोष्ट असते.

फळी एकदा पाण्याबाहेर आली की लाटा कापण्यात आणि शिंतोडे उडवण्यात जाणारी ताकद वाचते. त्यामुळे साध्या फळीला, जिला ट्विनटिप म्हणतात, जिथे बारा ते पंधरा नॉट वारा लागतो, तिथे फॉइलवर आठ-दहा नॉटमध्ये काम भागतं. नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, म्हणजे आठ नॉट हा ताशी पंधरा किलोमीटरचा वारा झाला. झाडाची पानं सतत हलत राहतील, इतपतच. भारतीय किनाऱ्यांसाठी फॉइलचं मोल इथेच आहे. आपल्याकडे पावसाळ्याबाहेरचा वारा बहुतेक ठिकाणी हलका असतो, आणि ज्या दुपारी ट्विनटिपवाले वाळूवर बसून राहतात त्या दुपारी फॉइलवाला पाण्यात असतो.

ही कल्पना आजची नाही. इटलीच्या एन्रिको फोर्लानिनी यांनी १९०६ मध्ये माज्जोरे सरोवरावर पंखांवर उचलली जाणारी बोट चालवून दाखवली. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि त्यांचे सहकारी केसी बाल्डविन यांच्या एचडी-४ या बोटीने ९ सप्टेंबर १९१९ रोजी कॅनडातल्या ब्रा दोर सरोवरावर ताशी ११४ किलोमीटरचा विक्रम केला. त्याच सरोवरावर बेल यांनी १९०७ मध्ये बोटीने ओढलेल्या एका अवाढव्य पतंगातून माणूस हवेत उचलला होता. पतंग आणि पाण्याखालचा पंख एकाच माणसाने एकाच पाण्यावर हाताळले, पण दोन्हींची सांगड पडायला पुढे कितीतरी दशकं जावी लागली. पाण्यात पडल्यावर पुन्हा उडवता येईल असा हवा भरलेला काइट फ्रान्सच्या ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये पेटंटसाठी नोंदवला, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, मार्सेच्या समुद्रात, काइटफॉइलच्या शर्यती पहिल्यांदा झाल्या. पुरुषांत ऑस्ट्रियाचा व्हॅलेंटिन बॉन्टस आणि स्त्रियांत ब्रिटनची एली ऑल्ड्रिज जिंकली. कांस्यपदक मिळवणारा सिंगापूरचा मॅक्स मेडर तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्याने आदल्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेतलं होतं, आणि त्याच स्पर्धेत याच प्रकारात भारताकडून चित्रेश ताथा उतरला होता.

समुद्र नसलेल्या गावच्या मुलांनी त्या स्पर्धेतली आणखी एक नोंद लक्षात ठेवावी. शिडाच्या नौकेत भारताला रौप्य मिळवून देणारी नेहा ठाकूर देवासची. भोपाळच्या राष्ट्रीय सेलिंग स्कूलमध्ये, म्हणजे तलावावर ती घडली. देवासही आपल्यासारखंच समुद्रापासून लांब आहे.

आता शिकण्याबद्दल. फॉइलवर चढण्याआधी काइट हातात पूर्ण मुरलेला हवा. त्यात कसलीही सवलत नाही. ट्विनटिपवर दोन्ही बाजूंना जाता आलं पाहिजे, वारा येतो त्या दिशेने वर चढत निघालो तिथेच परत येता आलं पाहिजे, काइटकडे न बघता एका हाताने तो स्थिर ठेवता आला पाहिजे, आणि दोर सुटले किंवा वारा पडला तर काइट गुंडाळून त्यावर तरंगत किनाऱ्याला यायचा सराव झालेला पाहिजे. फॉइल तुमचं सगळं लक्ष पायांकडे खेचून घेतो. हातांना विचार करावा लागत असेल तर दोन्ही बिघडतं.

पाणी किमान छातीभर खोल हवं. मास्ट, म्हणजे फळीला पंखाशी जोडणारा उभा दांडा, पाऊण मीटरचा असला तरी लाटेच्या तळाशी पाणी कमी होतं, आणि जमिनीला टेकलेला फॉइल स्वाराला पुढे भिरकावतो. त्यामुळे एका हाताने बोर्ड धरून, काइटच्या ओढीवर अंगाने घसटत खोल पाण्यात जायची कला आधी येते. तिथे बोर्ड आडवा धरून पाय लावले की मास्ट हळूहळू खाली जातो. काइटला हलकासा झोका द्यायचा. ट्विनटिपवर देतो त्याच्या निम्मा पुरे.

आणि मग पहिला धडा उडण्याचा नसतोच. पहिल्या दिवसांत बोर्ड मुद्दाम पाण्यावर दाबून चालवायचा असतो. छाती पुढच्या पायावर, गुडघे सैल, नजर समोर दूरवर. वेग थोडा वाढला की फळीचं नाक वर यायला लागतं. तेव्हा पुढचा पाय दाबून तिला खाली बसवायचं. ट्विनटिपची सवय इथे आडवी येते. तिथे ओढ वाढली की आपण मागच्या पायावर रेलतो, कड दाबतो आणि काइटला झुंज देतो. फॉइलवर मागे रेललं की पंखाचा कोन वाढतो, उचल वाढते आणि बोर्ड घोड्यासारखा उभा राहतो. शिकवणारे दिवसभर ‘वजन पुढे, वजन पुढे’ म्हणत राहतात ते यासाठीच. ट्विनटिपवर चांगला तयार झालेला माणूस कधी कधी नवख्यापेक्षा जास्त वेळ घेतो, कारण त्याला अंगात भिनलेली एक प्रतिक्रिया पुसावी लागते.

बोर्ड पाण्यावर दाबून दोन्ही बाजूंना नीट चालवता आला, की मग पुढच्या पायाचा भार किंचित कमी करून त्याला वीतभर उठू द्यायचं आणि लगेच खाली बसवायचं. उठवणं, बसवणं, पुन्हा उठवणं. उंचीची सूत्रं दोन. एक, पायांमधला भार. दुसरं, वेग. वेग वाढला की उचल चौपटीच्या हिशेबाने वाढते, म्हणून वेग आटोक्यात ठेवला तर उंची आपोआप आटोक्यात राहते. बार, म्हणजे काइटचे दोर जोडलेला हातातला दांडा, थोडा पुढे ढकलून काइटची ओढ कमी करायची, घाबरून स्वतःकडे ओढायचा नाही. मास्टचा अर्धा भाग पाण्यात राहील ती उंची योग्य. पंख पृष्ठभागापाशी आला की वरून हवा शोषून घेतो, उचल एका क्षणात नाहीशी होते आणि फळी दाणकन खाली येते. त्या वेळी पुढे उडी मारणं सर्वांत धोक्याचं, कारण फॉइल मागून येत असतो. बोर्ड पायाने दूर लोटायचा, पाण्यात सपाट पडायचं, पाय खाली खुपसायचे नाहीत आणि वर येताना डोक्यावर हात धरायचे. हेल्मेट आणि छातीचं संरक्षक जाकीट यांच्याबाबत चर्चाच नको. बोर्डाला दोरीने पायाशी बांधू नये. ताणलेली दोरी तो धारदार पंख परत आपल्याच अंगावर फेकते.

वळणं पुढची गोष्ट. वाऱ्याखाली गोल वळताना काइट सावकाश डोक्यावरून फिरवायचा, वळण पूर्ण होऊ द्यायचं आणि मग पाय बदलायचे. सुरुवातीला बोर्ड पाण्याला टेकवून पाय बदलण्यात कमीपणा नाही. वाऱ्याच्या तोंडातून वळण घेणं फार अवघड, तिकडे घाईने जाऊ नये. मोटरबोटीची सोय असेल तर काइटशिवाय, बोटीमागे दोरीला धरून ताशी पंधरा ते अठरा किलोमीटर वेगाने फॉइलवर उभं राहण्याचा सराव करून घ्यावा. हात मोकळे राहतात आणि पाय झपाट्याने शिकतात. मला विचाराल तर पैसे तिथे खर्च करणं सर्वांत फायद्याचं.

आता खरेदी. बाजारात दिसणारे देखणे, लांब आणि अरुंद पंख शर्यतीसाठी असतात. पंखाच्या लांबीचं रुंदीशी असलेलं प्रमाण जितकं मोठं तितका तो कमी ओढीत दूर तरंगतो, वेगही जास्त घेतो. पण कमी वेगाला तो अचानक दगा देतो आणि कडेला झुकवायला जड जातो. शिकताना हे प्रमाण चार ते सहाच्या आसपास असलेला, जाडसर पंख घ्यावा. क्षेत्रफळ वजनाप्रमाणे ठरवावं: साठ-पासष्ट किलोच्या माणसाला ७०० ते ९०० चौरस सेंटिमीटर, ऐंशीच्या पुढे ९०० ते ११००. याहून खूप मोठे, दीड-दोन हजारांचे पंख हाताने धरायच्या विंगसाठी किंवा लाटांसाठी असतात. काइटवर ते थोड्याच वेगात इतकी उचल देतात की पुढच्या पायाने दाबून दाबून मांडी भरून येते.

मागचा छोटा पंख बहुतेक रचनांमध्ये खालच्या दिशेने ढकलतो आणि त्यामुळे फॉइलचं नाक सावरलेलं राहतं. मागचा पंख मोठा आणि दोन्ही पंखांना जोडणारा आडवा दांडा लांब, तर पुढे-मागे झुलणं कमी. शिकणाऱ्याला तेच हवं. मास्टची लांबी हा वादाचा विषय आहे. शर्यतवाले मीटरभर किंवा जास्त वापरतात, कारण तिरपं झुकून चालताना पंख पाण्यात राहिला पाहिजे. अगदी आखूड मास्टवरून पडणं सोपं, पण त्यावर पंख सारखा पृष्ठभागावर येतो. स्लिंगशॉटसारख्या कंपनीने आखूड ते लांब असे तीन मास्ट एकत्र विकून पायरीपायरीने शिकण्याची सोय केली होती, ती पद्धत मला पटते. एकच घ्यायचा असेल तर ७० ते ७५ सेंटिमीटरचा घ्यावा. ॲल्युमिनियमचा चालतो. कार्बनचा हलका आणि ताठ असतो, पण नवशिक्याला त्यातला फरक जाणवायला वेळ लागतो आणि किंमत पुष्कळ वाढते. बोर्ड १३० ते १४० सेंटिमीटर लांब, थोडा तरंगणारा असावा. पायाचे पट्टे नसले तरी चालतं. हवाच असेल तर पुढचा एक, सैल. काइट ट्विनटिपपेक्षा एक-दोन मापं लहान पुरतो. बारा नॉटला जिथे १२ चौरस मीटरचा काइट उडवत होता तिथे ८ किंवा ९ चा.

जुना संच घेणारे बरेच असतात आणि त्यात गैर काही नाही. मात्र मास्ट आणि दांड्याचा जोड हातात धरून हलवून पाहावा. तिथे खडखड असेल तर सोडून द्यावं. स्क्रू सगळे उघडून दाखवायला सांगावेत. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम आणि स्टील एकमेकांशी लागून राहिले की गंजून एकजीव होतात, म्हणून स्क्रूला गंजरोधक वंगण लावणं आणि प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुऊन फॉइल सुटा करणं ही सवयच लागली पाहिजे. एका कंपनीचा पंख दुसऱ्या कंपनीच्या दांड्यावर सहसा बसत नाही, तेव्हा सुटे भाग कुठे मिळतील हे विचारूनच संच निवडावा. पंखाच्या पुढच्या कडेला खाच पडली असेल तर ती भरून बारीक सँडपेपरने घासून काढता येते. कार्बनला आतून चीर असेल तर नाही. घरी आणल्यावर मास्ट फळीच्या पट्टीत थोडा मागे बसवून सुरुवात करावी. उचल कमी वाटली तर तो सेंटिमीटरभर पुढे सरकवावा, आणि एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कशाने काय झालं ते कळतं.

शिकायला जायचं कुठे? आपल्याला जवळचा पर्याय गोवा. पेडणे तालुक्यात मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या पट्ट्यावर साधारण फेब्रुवारीपासून मेपर्यंत दुपारनंतर समुद्रावरून हलका, सलग वारा येतो. फॉइलला तो मानवतो. मोरजीला समुद्री कासवं अंडी घालायला येतात, त्या राखीव जागेत काइट पसरायचा नाही. जास्त जोराचा वारा आणि सपाट, उथळसर पाणी हवं असेल तर रामेश्वरम. तिथे उन्हाळ्यापासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचा आणि हिवाळ्यात ईशान्येचा असा वर्षातून दोनदा वारा लागतो. काइट शिकायला तिथलं पाणी उत्तम, फॉइल घेऊन उतरताना मात्र खोली पाहून.

आणि हे लिहिताना एक प्रश्न टाळता येत नाही: आपल्याकडे हतनूर आहे, तापीवर पसरलेलं एवढं मोठं पाणी आहे, तिथे का नको? माझं उत्तर ठाम नाही असं आहे. फॉइलला पाण्यातली वनस्पती चालत नाही. एक वेल पंखाला अडकली तरी उचल संपते, आणि हतनूरच्या जलाशयात पाणवनस्पती भरपूर आहेत, जोडीला मासेमारांची जाळी. पावसाळ्यात धरणाचे ४१ दरवाजे उघडतात तेव्हा त्या पाण्याजवळ जायचंच नसतं. उन्हाळ्यातला आपला वारा वळिवाच्या ढगांबरोबर एकदम येतो, शांत दुपारी अचानक तिप्पट होतो, आणि असा झोत काइटला व माणसाला किनाऱ्यावर किंवा विजेच्या तारांवर नेऊन आदळतो. काइटचे दोर वीस मीटरहून लांब असतात, शेतातून गेलेल्या तारा त्यांच्या टप्प्यात येतात. हिवाळ्यात वारा निवलेला असतो, पण तेव्हा हतनूरवर स्थलांतरित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि डोक्यावर फिरणारा मोठा काइट त्यांना शिकारी पक्ष्यासारखा भासून ते पाणी सोडून जातात.

तेव्हा शिकायला किनाऱ्यावर जा, आधी शिक्षकाची फी भरा, त्याच्याच फॉइलवर चार पडझडी होऊ द्या आणि मग स्वतःचा संच घ्या. हतनूरला जायचंच असेल तर डिसेंबरात दुर्बीण घेऊन जा.